‘गेट बाय’चा उपयोग

पिपलानी, भोपाळ
८ ऑगस्ट १९७८

आदरणीय अनुराधाबाई यांस,
सादर नमस्कार.

आपली-माझी ओळख नाही. ओळख नसताना, आणि आपण विश्रांतीसाठी दूर गेलेल्या असताना पत्र लिहिणे हे धाडस आहे, याची मला पूर्ण जाणीव आहे. हे पत्र न वाचता बाजूला ठेवलेत तरी तो मी आपला अधिकार समजेन. आपल्या बंधूंचा साताऱ्याचा पत्ता शाळेच्या कार्यालयातून मिळाला. लिपिकाने तो मला आपल्या जागेवरची शिक्षिका म्हणून दिला, पत्रव्यवहारासाठी नव्हे. त्याबद्दलही क्षमा असावी.

माझे नाव सुलभा खानझोडे. कारखान्याच्या वाइंडिंग शॉपमधील काशिनाथ खानझोडे हे माझे वडील. आपले यजमान कै. मनोहरराव यांच्या हाताखाली त्यांनी पुष्कळ वर्षे काम केले, त्यामुळे आडनाव कदाचित आपल्या परिचयाचे असेल. माझे शिक्षण सर्वस्वी मराठीतून, हिंगणघाटला काकांकडे राहून झाले. बी.ए.ला मराठी विषयात मी विद्यापीठात पहिली आले. त्या गुणपत्रिकेवरून मला आपल्या रजेच्या काळापुरते नेमण्यात आले आहे. इंग्रजीतही मला नेहमी चांगले गुण मिळाले, पण ते पाठांतराचे होते. इंग्रजी बोलणारे माणूस येथे येईपर्यंत मी जवळून पाहिले नव्हते.

अडचण आठवीच्या वर्गातील आहे. जोडक्रियापदांच्या धड्यात आपण ‘गेट बाय’ फळ्यावर लिहिलेत आणि तो तास तेथेच संपला, असे मुले सांगतात. मी कोशात पाहून ‘निभावणे’ असा अर्थ हिंदीतून सांगितला. त्यावर नीलोफर नावाच्या मुलीने उभे राहून विचारले, “मैडम, कोई पूछे आप कैसी हैं, तो टीचर बोल सकती है क्या, आय गेट बाय?” मी उद्या सांगते म्हटले. शब्दाचा अर्थ मला ठाऊक आहे. तो कोणी, कोणाला, केव्हा म्हणायचा, हे ठाऊक नाही. आपण चार ओळी लिहिल्यात तर उपकार होतील.

आपली नम्र,
सुलभा खानझोडे

सातारा
१७ ऑगस्ट १९७८

सुलभा,

पत्र मिळालं. माफी पानभर आहे आणि प्रश्न शेवटी कोपऱ्यात. पुढच्या वेळी उलट कर.

‘निभावणे’ नको. निभावण्यात शाबासकी आहे, ‘गेट बाय’मध्ये ती नाही. जेवढं लागतं तेवढं जेमतेम जवळ असणं आणि त्यावर दिवस न अडणं, एवढाच अर्थ. पैसा, कपडे, झोप, परकी भाषा, कशाच्याही बाबतीत चालतो. आपल्याकडचं ‘भागतं’ त्याच्या सर्वांत जवळचं. अंगाचा साबण संपला, कपड्याच्या वडीचा तुकडा होता, त्यावर भागलं. गावात कुणाची भाषा येत नाही, हातवाऱ्यांवर भागतं.

उपयोग. ज्याच्याकडे भरपूर आहे त्याने हे म्हटलं तर ती थट्टा होते. दुसऱ्याबद्दल म्हणताना जपावं, कारण ‘तिचं भागतं’ हे ठरवायचा हक्क आपल्याला कुणी दिलेला नसतो. सगळ्यांत जास्त हे माणूस स्वतःबद्दल म्हणतं. कशी आहेस असं विचारलं आणि हे उत्तर आलं, तर ते उत्तर खोटं नसतं, पण पुढचं विचारू नका अशी त्यात विनंती असते. नीलोफरला सांग, शिक्षिका म्हणू शकते, त्यात असभ्य काही नाही. शहाणी शिक्षिका वर्गात म्हणणार नाही.

गाइडातली वाक्यं मुलांना देऊ नकोस. त्यांना त्यांच्या घरातली करायला लाव. त्याआधी तू स्वतःची इंग्रजीत लिही आणि मला पाठव. मी तपासून देईन.

माझ्या तब्येतीची चौकशी केली नाहीस, ते बरं केलंस.

अनुराधा

पिपलानी, भोपाळ
२९ ऑगस्ट १९७८

आदरणीय अनुराधाबाई यांस,
सादर नमस्कार.

आपल्या सूचनेप्रमाणे प्रथम कामाचे लिहिते.

आपले पत्र जवळ ठेवून मी तास घेतला. ‘भागते’ याला वर्गात शब्द सापडेना, तेव्हा मागच्या बाकावरून कोणी म्हणाले, “काम चल जाता है।” तो फळ्यावर घेतला. मग वाक्ये आली. कुरियन म्हणाला, “मेरी मम्मी थोड़ी-सी हिंदी पर गेट बाय करती है। बाक़ी सब्ज़ीवाला समझ लेता है।” त्यावर त्याच्या शेजारचा म्हणाला, “तभी इसके घर रोज़ लौकी बनती है।” सारा वर्ग हसला. कुरियनही हसला. मी हसले नाही, कारण हसावे की नाही हे मला वेळेवर ठरवता आले नाही. नीलोफर आता मला ‘नई मैडम’ म्हणत नाही. ‘छुट्टीवाली मैडम’ म्हणते. मी रजेच्या जागेवर आहे, हे मुलांनाही कळते.

माझी वाक्ये वेगळ्या कागदावर इंग्रजीत जोडली आहेत. आशय असा.

पहिले. माझ्या वडिलांचे कारखान्यात हिंदीवर भागते, घरी वऱ्हाडीवर, आणि जेवणानंतर दोन्हींची गरज पडत नाही.

दुसरे. शाळेची सारी वर्षे काकांच्या घरी माझे चांगले भागले. (काकांनी मला कधी काही कमी केले नाही. माझ्या ताटात वाढताना काकू काकांकडे पाहत, इतकेच.)

तिसरे. मार्चमध्ये वडील निवृत्त होतील, तेव्हा क्वार्टर सोडावे लागेल. शाळाही कारखान्याचीच असल्याने माझी नोकरी कायम झाली तर क्वार्टर माझ्या नावावर मिळेल, नाही तर आम्ही तिघे पुन्हा हिंगणघाटला काकांच्या घरी जाऊ आणि तेथे भागवू.

तिसरे वाक्य लांब झाले आहे. भविष्यकाळात हे क्रियापद चालते की नाही, हे तपासण्यापुरते ते लिहिले आहे. त्यातून वेगळा अर्थ काढू नये, ही विनंती.

क्षमा मागायची राहिली. या पत्राच्या लांबीबद्दल ती मागते.

आपली नम्र,
सुलभा

सातारा
९ सप्टेंबर १९७८

सुलभा,

वाक्यं तपासून सोबत पाठवते आहे. पहिलं निर्दोष. माझ्या हातून इतकं चांगलं झालं नसतं.

दुसऱ्यात ‘चांगले’ खोडलं आहे. हे क्रियापद ‘चांगले’ सहन करत नाही. चांगलं असेल तर भागवावं लागत नाही. कंसातलं तू इंग्रजीत का नाही लिहिलंस? उदाहरण तिथे होतं.

तिसरं भविष्यकाळात चालतं. अर्थ काढू नकोस म्हणालीस, म्हणून काढत नाही.

कुरियनच्या आईला मी ओळखते. दुधी तिला आवडतो. सब्जीवाल्याचा काही दोष नाही.

आता तो तास. मुलं तुला सांगतीलच, तेव्हा माझ्याकडून ऐक. मनोहर गेल्यानंतर मी चौथ्या दिवसापासून शाळेत गेले. वर्षभर गेले. दूध तापवलं, दळण आणलं, वह्या तपासल्या, वार्षिक परीक्षेचे पेपर काढले. बायका म्हणायच्या, बाई धीराच्या. धीर वगैरे काही नव्हता. मला काही होतच नव्हतं. दाढ काढायच्या आधी डॉक्टर सुई देतात आणि मग आपलाच गाल आपल्याला कुणा दुसऱ्याचा लागतो, तसं. तो गाल घेऊन मी वर्षभर शिकवलं, आणि मुलांना फरक कळला नाही. त्या दिवशी क्रियापद फळ्यावर लिहिलं आणि उदाहरण द्यायला वळले नाही. मनात काही आलं म्हणून नव्हे. काहीच आलं नाही, म्हणून. मुलांना वाटलं, मी त्यांना विचार करायला वेळ देते आहे. फार शहाणी मुलं. घंटा होईपर्यंत विचार करत बसली.

मग प्राचार्यांच्या खोलीत जाऊन बिनपगारी रजा मागितली. त्यांनी कारण विचारलं. मी म्हटलं, कारण नाही.

इथे उठते, जेवते. पुस्तक उघडते आणि त्याच पानावर मिटते. नववीचं काय चाललंय ते लिही. आणखी वाक्यं पाठव.

अनुराधा

सातारा
२० सप्टेंबर १९७८

सुलभाताईंना नमस्कार.

मी मनोरमा, अनुराधावन्संची भावजय. हे पत्र त्यांना न सांगता लिहिते आहे, तेव्हा उत्तरात उल्लेख करू नका.

वन्सं इथे आल्या तेव्हा ताट वाढलं की जेवायच्या, नाही वाढलं तर विचारायच्या नाहीत. कुणी बोललं तर नीट उत्तर द्यायच्या. आमचे हे म्हणायचे, रडली तरी बरं होईल. आम्ही पाहुण्यांसारखं वागवलं, रागावूनही पाहिलं. काही नाही. त्यांनी आमच्या घरात पहिली मागितलेली वस्तू म्हणजे लाल शाई. घरात नव्हती. मी म्हटलं संध्याकाळी हे आणतील. तर म्हणाल्या, “संध्याकाळपर्यंत नको,” आणि चपला घालून स्वतः पोवई नाक्यावर गेल्या. मी गॅलरीतून बघत राहिले. महिन्यांनी जिना उतरल्या होत्या.

आता पोस्टमनची वेळ झाली की टेबल पुसून ठेवतात. काल ह्यांना म्हणाल्या, आठवीला अर्धवट सोडून आले, परत जायला हवं. सुलभाताई, तुमचे आभार कसे मानू. त्या परत आल्या की तुम्ही दोघी मिळून शिकवाल, त्यांना एकटं वाटणार नाही, या विचाराने मला फार हायसं वाटतं. त्यांच्यावर लक्ष ठेवा.

तुमची,
सौ. मनोरमा

सातारा
४ ऑक्टोबर १९७८

सुलभा,

तुझी नववीची वाक्यं सोबत आहेत. दोन ठिकाणी काळ चुकला आहे, बाकी ठीक. नीलोफरने स्वतःहून निबंध लिहून आणला हे वाचून बरं वाटलं. बरं वाटलं हे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण ते वाटल्याचं मला दुसऱ्या दिवशी लक्षात आलं.

मी परत येते आहे. माझी रजा २७ ऑक्टोबरला संपते. २८ चा शनिवार तेवढा शाळा, की लगेच दिवाळीची सुटी. एका शनिवारासाठी एवढा प्रवास कोण करतं? प्राचार्यांनीही लिहिलंय, घाई नको, तब्येत बघा. तेव्हा दिवाळी इथे करून १३ नोव्हेंबरला, सोमवारी, शाळा उघडेल तेव्हा हजर होईन.

मी आले की तुझी नेमणूक संपते, हे मला कळतं. तुझं तिसरं वाक्य माझ्या लक्षात आहे. त्यावर बोलण्यासारखं माझ्याजवळ काही नाही, म्हणून बोलत नाही. खोटं सांत्वन करायला मला पूर्वी येत होतं, हल्ली येत नाही.

मुलांना अजून सांगू नकोस.

अनुराधा

पिपलानी, भोपाळ
१२ ऑक्टोबर १९७८

आदरणीय अनुराधाबाई यांस,
सादर नमस्कार.

आपले पत्र परवा मिळाले. आपली प्रकृती सुधारत आहे हे वाचून आनंद झाला.

काल दसरा झाला. महाराष्ट्र मंडळात सोने वाटण्याचा कार्यक्रम होता. आईबरोबर गेले होते. सहामाही परीक्षेचे पेपर तपासून झाले आहेत. आठवीचा निकाल समाधानकारक आहे. प्राचार्यांनी आपणांस कळवण्यास सांगितले आहे की शाळेत सर्व ठीक चालू आहे व आपण घाई करू नये.

माझे म्हणाल तर भागते आहे.

आपली नम्र,
सुलभा

सातारा
१६ ऑक्टोबर १९७८

सुलभा,

तुझं पत्र एका बाजूला मावलं. त्यात एकही वाक्य तपासायला नाही आणि कुठेही माफी नाही. तुझ्या पत्रात माफी नसेल तर मला काळजी वाटते.

शिवाय ते क्रियापद तू स्वतःबद्दल वापरलंस. ते उत्तर मिळालं की पुढचं विचारू नये, असं मीच तुला शिकवलं. मनोहर गेल्यावर वर्षभर मला कुणी पुढचं विचारलं नाही, सगळे सभ्य लोक होते. म्हणून मी विचारते.

काय झालं?

अनुराधा

पिपलानी पोस्ट ऑफिस
२१ ऑक्टोबर १९७८

आदरणीय अनुराधाबाई यांस,
सादर नमस्कार.

हे पत्र आपल्या हाती पडेल त्याच्या आधी माझी तार आपणांस मिळालेली असेल. तारेत कारण मावत नाही, ते येथे लिहिते.

आपण शनिवारी २८ ऑक्टोबरला शाळेत हजर व्हावे. १३ नोव्हेंबरला नव्हे.

आपली शाळा सुट्यांच्या बाबतीत शाळेसारखी चालते, पण रजेचा हिशेब कारखान्याचे पर्सोनेल ऑफिस ठेवते, आणि तेथे नियम कारखान्याचा आहे. रजा संपल्यावर सुटीआधीचा कामाचा दिवस भरला नाही, तर पुढची सर्व सुटी गैरहजेरीत धरतात. आपली बिनपगारी रजा आधीच मर्यादेपर्यंत आलेली आहे. त्यावर दिवाळीची सुटी चढली की नाव कमी होते आणि जागा रिकामी समजली जाते. आपण १३ तारखेला आलात तर आपणांस मस्टरवर सही करू देणार नाहीत. क्वार्टरही त्याच कागदाने जाईल.

पाळीवर काम करणाऱ्या प्रत्येकाला हा नियम ठाऊक असतो. शिक्षकांना तो ठाऊक नसतो, कारण ते सर्व एकाच दिवशी सुटीवर जातात आणि एकाच दिवशी परत येतात. त्यांच्यावर ही वेळ येत नाही. आपल्या घरी असले कागद मनोहरराव पाहत असत, असे बाबा म्हणाले.

मला हे १० तारखेपासून ठाऊक आहे. आपले पत्र आले तेव्हा मी ते घरी वाचून दाखवले. आपण परत येत आहात एवढेच मला सांगायचे होते. बाबा चहा पीत होते. त्यांनी कप खाली ठेवला व तारीख पुन्हा वाचायला सांगितली. मग नियम सांगितला. जे बोलणे झाले ते मी जसेच्या तसे लिहिते, कारण माझ्या शब्दांत लिहिले तर मी ते सौम्य करीन.

बाबा म्हणाले, “सुलू, हे त्यांना लिहायची काही गरज नाही. आपण काही खोटं बोलून नाही राहिलो. फक्त बोलून नाही राहिलो.”

आई पोळ्या लाटत होती. ती म्हणाली, “मनोहररावांच्या हाताखाली उभी नोकरी काढली तुम्ही. तुमच्या आजारपणात रात्रपाळी त्यांनी स्वतः केली.”

“केली. म्यां कुठं नाही म्हणून राहिलो? पण मेलेल्या माणसाला क्वार्टर लागत नाही.”

“बाईंना लागतं.”

“आन् तुला? मार्चनंतर तू कुठं लाटशीन पोळ्या? वहिनीच्या चुलीवर? पोरीनं जन्मभर तिथं खाली मान घालून खाल्लं, आता तिघं मिळून घालू. बाईंना पेन्शन हाय, भाऊ हाय. आपल्याले काय हाय?”

आई म्हणाली, “बाप्पा, मी काय नाही म्हणते? मी पोळ्या लाटते.” आणि तिने पुढची पोळी तव्यावर टाकली.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी शाळेत मी प्राचार्यांना नियम विचारला. त्यांनाही तो ठाऊक होता. ते कठोर गृहस्थ नाहीत. ते म्हणाले, “देखिए सुलभाजी, उन्हें आराम की ज़रूरत है। वो फिर वैसे ही बोर्ड के सामने खड़ी रह गईं तो? बच्चों का भी सोचिए। आप अच्छा पढ़ा रही हैं। लिख दीजिए, यहाँ सब ठीक चल रहा है।” मी तसे लिहिले. १२ तारखेचे पत्र ते हेच.

ते पत्र टाकल्यावर मला काही वाटले नाही, हे मला लिहिले पाहिजे. मी शाळेत गेले, हजेरी घेतली. नीलोफरने काही विचारले, त्याचे उत्तर दिले. ग्रंथालयाचे पुस्तक परत करून दुसरे आणले. रात्री झोप लागली. आपण लिहिलेल्या सुईची मला आठवण झाली, पण ती आठवणही पुस्तकातील वाक्य आठवावे तशी झाली. गालाला हात लावून पाहिला नाही.

आपले १६ तारखेचे पत्र काल दुपारी आले. ‘काय झालं?’ असे मला आजवर कोणी विचारलेले नाही. हिंगणघाटला विचारण्याची वेळ येऊ नये असे मी वागत असे, आणि येथे आईबाबांना माझी अजून तेवढी सवय झालेली नाही. प्रश्न इतका लहान होता की त्याचे उत्तर देणे शिष्टाचाराप्रमाणे आवश्यक वाटले. याहून मोठे कारण मला सापडलेले नाही. मी चांगुलपणाने हे करीत आहे असे कृपया समजू नये. ही नोकरी मला हवी आहे. वर्गात कुरियन बोलू लागला की आता मला वेळेवर हसू येते. अशी जागा मला पुन्हा मिळेल असे वाटत नाही.

आपण फळ्यासमोर पुन्हा थांबाल की नाही, ते मला सांगता येत नाही. कदाचित प्राचार्यांचे खरे ठरेल. पण ते आपण फळ्यासमोर उभे राहून ठरवावे. सुटीच्या हिशेबाने ते ठरू नये.

आज सकाळी मी साडी बदलून बाहेर निघाले. बाबांची आज दुसरी पाळी आहे, ते अंगणात सायकल पुसत होते. कोठे जातेस असे त्यांनी विचारले. मी पोस्टात म्हटले. त्यांनी फडके तारेवर टाकले, सायकल बाहेर काढली आणि म्हणाले, “बस मागं. पायी गेली तर खिडकी बंद होईन. शनिवार हाय.” वाटेत ते एकच वाक्य बोलले: “साताऱ्याच्या डॉक्टरचा फिटनेस आणायला सांग बाईंना, नाही तर शनिवारी गेटावर अडवतीन.” तेव्हा ते प्रमाणपत्र कृपया आणावे. तारेत ते मी घातले आहे.

तारेच्या खिडकीवरील गृहस्थांनी मजकूर वाचून विचारले, “किसी का इंतक़ाल हुआ है?” कोणी वारलेले नाही, असे मी म्हटले. “शादी?” नाही. “तो फिर अर्जेंट किस बात की, बहनजी?” मी म्हटले, कोणाची तरी हजेरी आहे. ते म्हणाले, “हाज़िरी के लिए तार पहली बार देख रहा हूँ,” आणि शिक्का मारला.

पुण्याहून मनमाडला गाडी बदलून आपण गुरुवारी निघालात तरी शुक्रवारी रात्रीपर्यंत पोहोचाल. त्याआधी निघणे अधिक सुरक्षित. आपल्या क्वार्टरला कुलूप आहे व आत धूळ असेल. आई म्हणाली आहे की घर झाडून होईपर्यंत आपण आमच्याकडे उतरावे. शनिवारी पहिला तास आठवीचा आहे. मी हजेरीपट आपल्या हाती देईन आणि शिक्षक-खोलीत बसेन. त्यानंतर माझी नेमणूक संपते. हिंगणघाटला आम्ही मार्चअखेर जाऊ.

मनोरमाताईंना माझा नमस्कार सांगावा. त्यांनी मला पत्र लिहिले होते; उल्लेख करू नका म्हणाल्या होत्या, तो होतो आहे, त्याबद्दल त्यांची क्षमा मागते. आपण दोघी मिळून शिकवू, असे त्यांना वाटते आहे. त्यांचा गैरसमज घाईने दूर करू नये.

मी हे पोस्टाच्या बाकावर बसून लिहीत आहे. बाबा बाहेर कडुनिंबाखाली सायकल धरून उभे आहेत. ते आत आले नाहीत आणि परतही गेले नाहीत.

आपली नम्र,
सुलभा काशिनाथ खानझोडे

तार केली: शनिवार, २१ ऑक्टोबर १९७८, सकाळी ११ वाजून २० मिनिटे.
हे पत्र पेटीत टाकले: त्याच दिवशी, दुपारी १२ वाजून ५ मिनिटे.